हाडांनी दिलेली साक्ष : आन्यांग नगरीची कथा

इ. स. पू. १०० च्या सुमारास चीनच्या दरबारात सिमा छियेन नावाचा एक इतिहासकार होता. आपल्या देशाचा अगदी प्रारंभापासूनचा इतिहास त्याने एका मोठ्या ग्रंथात लिहून ठेवला. त्या ग्रंथात शांग नावाच्या एका राजघराण्याची वंशावळ आहे. कोणानंतर कोण गादीवर आला, कोण कोणाचा भाऊ होता आणि कोण मुलगा, असा तपशील तीत दिला आहे. या घराण्याची शेवटची राजधानी यिन येथे होती आणि पश्चिमेकडून आलेल्या जौ लोकांनी शेवटच्या राजाचा पराभव केला, असे परंपरा सांगते.

अडचण अशी की शांग घराण्याचा शेवट आणि सिमा छियेन यांच्यामध्ये नऊशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. इतक्या जुन्या काळातली राजावळी त्याला कोठून मिळाली? ती खरी कशावरून? पूर्वजांना मोठेपणा देण्यासाठी कोणी तरी रचलेली ती कहाणी कशावरून नसेल? विसाव्या शतकाच्या प्रारंभी असे प्रश्न खुद्द चिनी विद्वानच विचारू लागले होते. एका ग्रंथात लिहिले आहे म्हणून एखादी गोष्ट सिद्ध झाली असे आपण विज्ञानात मानत नाही. इतिहासातही मानू नये. पण मग तपासायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर एका गाडल्या गेलेल्या शहराने कसे दिले, ते या लेखात पाहू.

औषधाच्या दुकानातली हाडे

चीनमध्ये जमिनीतून निघणारी जुनी हाडे 'ड्रॅगनची हाडे' म्हणून औषधात वापरली जात. ती कुटून त्यांचे चूर्ण रोग्याला देत. हेनान प्रांताच्या उत्तर भागात आन्यांग नावाचे गाव आहे. त्याच्याजवळ ह्वान नावाची लहानशी नदी वाहते. तिच्या काठच्या श्याओतुन खेड्यातले शेतकरी नांगरताना सापडलेली हाडे औषधवाल्यांना विकत असत. काही हाडांवर ओरखड्यांसारख्या खुणा असत.

१८९९ साली बीजिंगमधले एक विद्वान अधिकारी वांग यीरोंग यांनी या खुणा म्हणजे प्राचीन लिपीतला मजकूर आहे हे ओळखले. त्यांनी अशी हाडे विकत घ्यायला सुरुवात केली. पण त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. १९०० साली परदेशी फौजा बीजिंगमध्ये शिरल्या तेव्हा त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या संग्रहातली बरीच हाडे लिऊ अ या लेखकाकडे गेली आणि १९०३ साली त्याने हाडांवरील लेखांचे ठसे प्रथम पुस्तकरूपाने छापले. ही हाडे नेमकी कोठून येतात हे व्यापारी सांगत नव्हते. दुसऱ्या कोणी तेथे जाऊन खरेदी करू नये म्हणून ते खोटी ठिकाणे सांगत. शेवटी १९०८ च्या सुमारास लुओ जेनयू यांनी श्याओतुनचा पत्ता शोधून काढला. यिनची राजधानी जेथे असावी असे जुने ग्रंथ सुचवत होते, तोच हा प्रदेश होता.

तोपर्यंत किती लेख खलात कुटले जाऊन लोकांच्या पोटात गेले, याचा हिशेब लागणे शक्य नाही. आज सुमारे दीड लाख तुकडे जगभरच्या संग्रहांत आहेत. ते उरले याचे कारण एवढेच की वेळेवर कोणाच्या तरी लक्षात आले.

हाडावर काय लिहिले आहे?

ही हाडे म्हणजे मुख्यत: बैलांच्या खांद्यांची रुंद, चपटी हाडे आणि कासवाच्या पोटाकडचे कवच. शांग राजे त्यांचा उपयोग कौल लावण्यासाठी करीत. हाडाच्या मागच्या बाजूला लहान खळगे कोरायचे आणि तेथे तापलेली वस्तू टेकवायची. खळग्यापाशी हाड पातळ झालेले असे. उष्णतेने ते असमान प्रसरण पावे आणि पुढच्या बाजूला तडा जाई. एक उभी रेघ आणि तिला फुटलेला आडवा फाटा, असा त्या तड्याचा आकार असे. 'कौल लावणे' या अर्थाचे चिनी अक्षर आजही याच आकाराचे आहे.

तड्याकडे पाहून राजा शुभ-अशुभ ठरवी. त्यानंतर शेजारी मजकूर कोरला जाई. अमुक दिवशी, अमुक पुरोहिताने कौल लावला. प्रश्न असा होता. राजाने त्याचा अर्थ असा सांगितला. आणि कधी कधी, प्रत्यक्षात असे घडले. पाऊस पडेल का? पीक येईल का? शेजारच्या टोळीवर स्वारी करावी का? राजाच्या दातदुखीला कोणता पूर्वज कारणीभूत आहे? प्रश्न असे रोजच्या काळजीचे आहेत.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते पूर्वजांचे उल्लेख. कोणत्या पूर्वजाला किती पशू अर्पण करायचे हा प्रश्न वारंवार येतो आणि त्यामुळे पूर्वजांची नावे क्रमाने येतात. १९१७ साली वांग ग्वोवेई यांनी ही नावे हाडांवरून गोळा केली आणि सिमा छियेनच्या यादीशी ताडून पाहिली. बहुतेक सारी नावे जुळली. हजार वर्षांनंतर लिहिलेली यादी मूळ कागदपत्रांशी, म्हणजे येथे मूळ हाडांशी, जुळत होती.

पण न जुळलेली जागा आम्हांला अधिक मोलाची वाटते. ग्रंथातल्या यादीत सुरुवातीच्या काही पूर्वजांचा क्रम बाओ दिंग, बाओ यी, बाओ बिंग असा आहे. वांग ग्वोवेई यांनी दोन वेगवेगळ्या संग्रहांतले तुकडे एकमेकांना जोडून पाहिले, तेव्हा एकाच हाडाचे ते दोन भाग निघाले. त्यावर क्रम होता, बाओ यी, बाओ बिंग, बाओ दिंग. म्हणजे ग्रंथ मोठ्या प्रमाणात बरोबर होता, पण येथे चुकला होता. हाडे ग्रंथावरून रचलेली असती, तर त्यांनी ग्रंथाची चूक दाखवली नसती. दोन साक्षी स्वतंत्र आहेत हे अशा किरकोळ फरकांवरूनच कळते.

कुदळ आणि फावडे

पुढची पायरी अर्थातच उत्खननाची. चीनमधील राष्ट्रीय संशोधन संस्थेने १९२८ साली दोंग ज्वोबिन यांना आन्यांगला पाठवले. पुढच्या वर्षापासून ली ची यांच्या नेतृत्वाखाली पद्धतशीर काम सुरू झाले. चिनी शास्त्रज्ञांनी स्वत: आखलेले हे पहिले मोठे उत्खनन. १९३७ पर्यंत कामाचे पंधरा हंगाम झाले. महालांचे चौथरे, ओतशाळा, घरे आणि नदीपलीकडे राजांच्या प्रचंड कबरी उजेडात आल्या. सुमारे ३० चौरस किलोमीटर परिसरात पसरलेले ते शहर होते.

१९३६ च्या जून महिन्यात एका खड्ड्यात हाडांचा ढीगच लागला. एकेक तुकडा उचलायला वेळ नव्हता, म्हणून मातीसकट सबंध ठोकळा कापून, लाकडी पेटीत बंद करून नानजिंगला नेला. त्यातून १७,०९६ तुकडे निघाले. पुढच्याच वर्षी जपानी आक्रमणामुळे काम थांबले. पेट्या युद्धकाळात देशभर हिंडल्या आणि त्यांतल्या बऱ्याच शेवटी तैवानला पोचल्या. १९५० साली आन्यांगला पुन्हा खोदकाम सुरू झाले आणि ते आजतागायत चालू आहे. २००६ साली या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

राणी फू हाव

राजांच्या मोठ्या कबरी चोरांनी प्राचीन काळीच लुटल्या होत्या. पण १९७६ साली जंग जेनशियांग या पुरातत्त्वज्ञ बाईंच्या पथकाला महालांच्या परिसरात, एका इमारतीच्या पायाखाली, एक न लुटलेली कबर मिळाली. ती आकाराने लहान होती. खड्डा साडेसात मीटर खोल, पण लांबी-रुंदी एखाद्या मोठ्या खोलीएवढी. तीत ४६८ कांस्यवस्तू, ७५५ जेडच्या वस्तू आणि सुमारे सात हजार कवड्या होत्या. शंभराहून अधिक कांस्यपात्रांवर एकच नाव होते, फू हाव.

हे नाव हाडे वाचणाऱ्यांना परिचित होते. वू दिंग या राजाची ती राणी. तिच्याकडे तेरा हजारांची फौज दिल्याचा उल्लेख एका हाडावर आहे. दुसऱ्या एका कवचावर तिच्या बाळंतपणाचा कौल आहे. अमुक दिवशी मूल झाले तर शुभ, असे राजाने सांगितले होते. एकतीस दिवसांनी मूल झाले. पण तो दिवस सांगितलेल्यांपैकी नव्हता. कोरणाऱ्याने निकाल नोंदवला : शुभ नाही, मुलगी झाली. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची ही नोंद आजही मन अस्वस्थ करते.

शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर येथे आणखी एक दुवा जुळला. हाडावर जिचे नाव आहे, तिचीच कबर जमिनीत मिळाली आणि त्या कबरीतल्या भांड्यांवर तेच नाव आहे.

आकाशाची साक्ष

राजे खरे, शहर खरे. पण काळ कोणता? 'सव्वातीन हजार वर्षांपूर्वी' असे आपण कशाच्या आधाराने म्हणतो? येथे गणित आणि खगोलशास्त्र मदतीला येतात.

शांग लोक दिवस मोजताना दोन याद्या वापरीत. एक दहा नावांची, दुसरी बारा नावांची. पहिल्या दिवशी दोन्ही याद्यांतले पहिले नाव, दुसऱ्या दिवशी दोन्हींतले दुसरे, असे पुढे जायचे. दहा नावे संपली की ती यादी पुन्हा पहिल्यापासून; बारा संपली की तीही पुन्हा पहिल्यापासून. तीच जोडी पुन्हा केव्हा येईल? १० आणि १२ यांचा लसावि ६०, म्हणजे साठ दिवसांनी. आपल्याकडे साठ संवत्सरांचे चक्र आहे. येथे साठ दिवसांचे. (वर जी यी, बिंग, दिंग ही नावे आली, ती दहाच्या यादीतली दुसरी, तिसरी व चौथी. म्हणजे हाडावरचा क्रमच यादीला धरून आहे.)

हाडांवर चंद्रग्रहणांच्या पाच नोंदी आहेत. प्रत्येकीत साठांच्या चक्रातला दिवस दिला आहे. वर्ष दिलेले नाही. मागच्या काळातली चंद्रग्रहणे आपण गणिताने काढू शकतो. मग एका नोंदीवरून काळ ठरवता येईल का? नाही. एका ठिकाणाहून ढोबळमानाने वर्षाला एक चंद्रग्रहण दिसते असे धरू. दोनशे वर्षांत दोनशे ग्रहणे झाली. त्यांतली साठांत एक, म्हणजे तीन-चार, केवळ योगायोगानेही हव्या त्या दिवशी पडतील. पण पाचही नोंदी एकाच पुरोहितगटाच्या, म्हणजे वू दिंगच्या राजवटीच्या आणि फार तर त्याच्या लगेच पुढच्या काळातल्या आहेत. पाचही ग्रहणे काही दशकांच्या अवधीत बसली पाहिजेत. ही अट घातली की शक्यता झपाट्याने कमी होतात. सर्वांत चांगली जुळणारी वर्षे निघतात ती इ. स. पू. १२०१, ११९८, ११९२, ११८९ आणि ११८१.

यांतले ११९२ चे ग्रहण विशेष आहे. चक्रातल्या ५६ व्या आणि ५७ व्या दिवसांना जोडणाऱ्या रात्री चंद्राला ग्रहण लागले, अशी ती नोंद आहे. गणिताने ते ग्रहण २७ डिसेंबरच्या रात्री येते. हा पडताळा वर्गात करून पाहण्यासारखा आहे. इ. स. पू. ११९२ च्या २७ डिसेंबरपासून इ. स. २००० च्या १ जानेवारीपर्यंत ११,६५,१३९ दिवस होतात. (खगोलशास्त्रज्ञ वापरतात त्या ज्युलियन दिवसांकांची वजाबाकी केली की हा आकडा मिळतो.) त्याला ६० ने भागले तर बाकी ५९ उरते. ५६ मध्ये ५९ मिळवले की ११५ आणि त्यातून ६० वजा केले की ५५. चिनी पंचांगात १ जानेवारी २००० हा दिवस चक्रातला ५५ वाच आहे!

येथे चिकित्सक विद्यार्थी एक शंका काढील आणि ती काढलीच पाहिजे. मधल्या काळात कोणी चक्र तोडले नसेल कशावरून? एखादा दिवस गाळला किंवा वाढवला गेला, तर सारे गणित कोसळेल. याला उत्तर असे की मधल्या टप्प्यांवरही खुणा आहेत. लू या राज्याच्या बखरीत इ. स. पू. ७२० मधल्या सूर्यग्रहणाची नोंद आहे. दिवस चक्रातला सहावा. गणिताने ते ग्रहण त्या वर्षीच्या २२ फेब्रुवारीला येते आणि तो दिवस सहावाच निघतो. त्या बखरीत अशी आणखीही कितीतरी ग्रहणे आहेत. त्यामागच्या पाचशे वर्षांत चक्र तुटले असते, तर हाडांवरची पाचही ग्रहणे इतक्या थोड्या अवधीत नीट बसली नसती.

कोळशाच्या घड्याळाची साक्ष

आकाशाशी काहीही संबंध नसलेली आणखी एक पद्धत आहे, किरणोत्सारी कार्बनची. सजीव जिवंत असेपर्यंत त्याच्या शरीरात कार्बन-१४ चे प्रमाण कायम राहते. मेल्यावर ते घटत जाते आणि ५,७३० वर्षांत निम्मे होते. हाडातल्या प्रथिनातला कार्बन मोजला की जनावर केव्हा मेले ते काढता येते. कौलाची हाडे अनमोल; त्यांचा मोठा तुकडा कोण जाळू देणार? पण त्वरक-यंत्राने अणू मोजण्याची पद्धत आल्यापासून अगदी अल्प नमुना पुरतो. हाडे टिकावीत म्हणून लावलेले डिंक आणि रसायने आधी काढून टाकावी लागतात. नाही तर आधुनिक कार्बन मिसळून वय चुकते. बीजिंगमधल्या संशोधकांनी अशी अनेक हाडे तपासली. वू दिंगच्या काळातल्या हाडांचा काल इ. स. पू. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि त्याच्या आसपास असा आला. ग्रहणांनी सांगितलेल्या काळाशी हा मेळ बसतो.

म्हणजे ग्रंथ, हाड, कबर, आकाश आणि अणू या साक्षी वेगवेगळ्या मार्गांनी आल्या. एकीची चूक दुसरीत उतरण्याचा संभव फार कमी. म्हणूनच त्यांच्या एकमताला वजन आहे.

शहराची काळी बाजू

हीच शिस्त न आवडणाऱ्या गोष्टींनाही लावावी लागते. आन्यांगच्या राजकबरींच्या परिसरात शेकडो खड्ड्यांत माणसांचे सांगाडे आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांची मुंडकी तोडलेली आहेत. फू हावच्या कबरीतही सोळा माणसे पुरलेली होती. पूर्वजांना माणसे अर्पण करण्याविषयीचे कौल हाडांवर वारंवार येतात. बळी बहुधा पश्चिमेकडून पकडून आणलेले असत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बळींच्या हाडांतल्या कार्बन, नायट्रोजन व गंधक यांच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले गेले. ही माणसे मूळची स्थानिक नव्हती, पण मरण्यापूर्वी काही वर्षे ती याच शहरात राहिली होती, असे त्यावरून दिसले. म्हणजे ती येथे आणली गेली, येथले अन्न खाऊन काही काळ जगली आणि मग मारली गेली. त्यांची नावे कोणी कोरली नाहीत. त्यांच्याविषयी जे थोडे कळते, ते त्यांच्या हाडांच्या रसायनावरूनच.

साक्ष कोठपर्यंत पुरते?

शेवटी एका धोक्याकडे लक्ष वेधायला हवे. शांग राजांची यादी खरी ठरली, तेव्हा काहींनी लगेच म्हटले की मग सिमा छियेनने शांगच्या आधी सांगितलेले श्या घराणेही खरेच असणार. हा तर्क बरोबर आहे का? साक्षीदाराचे एक विधान खरे ठरले तर त्याच्यावरचा विश्वास वाढतो, हे मान्य. पण त्याची उरलेली विधाने त्यामुळे सिद्ध होत नाहीत. आन्यांगच्या नैर्ऋत्येला, ल्वोयांगजवळ अर्लितोऊ येथे आन्यांगहूनही काही शतके जुने शहर सापडले आहे. तेथे महालांचे चौथरे आहेत, कांस्यपात्रे आहेत. बऱ्याच चिनी विद्वानांच्या मते ती श्या घराण्याची राजधानी. पण तेथे एकही लेख मिळालेला नाही. त्या शहरातल्या कोणीही आपल्या राजाचे नाव आपल्यासाठी लिहून ठेवलेले नाही.

१९९६ साली चीन सरकारने श्या, शांग आणि जौ या तीन घराण्यांचा कालक्रम ठरवण्यासाठी सुमारे दोनशे तज्ज्ञांचा प्रकल्प सुरू केला. २००० साली त्याचा अहवाल आला. त्यात वू दिंगची राजवट इ. स. पू. १२५० ते ११९२ आणि शांग घराण्याचा शेवट इ. स. पू. १०४६ असा दिला आहे. या वर्षांविषयी तज्ज्ञांत आजही वाद आहेत. काहीजण पाच ग्रहणांतली शेवटची दोन पुढच्या राजाकडे देतात, काही राजवट थोडी सरकवतात. पण हा वाद काही वर्षांचा, फार तर काही दशकांचा आहे. श्या घराण्याबाबतचा वाद ते होते की नव्हते याचाच आहे. दोन्हींना 'मतभेद' हा एकच शब्द लावला तर मुलांची दिशाभूल होईल.

तेव्हा आन्यांगची गोष्ट वर्गात सांगताना राजांची नावे पाठ करून घेण्याची गरज नाही. दहा आणि बारा पाने असलेली पुठ्ठ्याची दोन चक्रे करून मुलांना फिरवायला द्यावीत, ६० व्या वेळी काय होते ते पाहू द्यावे. मग फळ्यावर दोन रकाने आखावेत : 'आपल्याला काय माहीत आहे' आणि 'ते कशावरून'. दुसऱ्या रकान्यात शांगसमोर किती गोष्टी लिहिता येतात आणि श्यासमोर किती, ते मुलांनीच मोजावे.